विलीनीकरणाची नोंद आणि कर्त्याचे नाव : लिनक्स कर्नेलमधील दोन पुणेरी प्रकरणे

ताम्रपट वाचताना दृष्टी प्रथम दात्याच्या वंशावळीकडे व दिलेल्या गावाच्या नावाकडे जाते. तथापि लेखाची अखेरची एकदोन वाक्ये पुष्कळदा अधिक बोलकी असतात. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेल्या ताम्रपटात दुसऱ्या प्रवरसेनाच्या दानाबरोबर सेनापती चित्रवर्मा याचाही निर्देश आहे. राजाची आज्ञा कोणाच्या अधिकारात लिहिली गेली, हे तेवढ्या एका निर्देशावरून कळते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. गौण भासणाऱ्या अशा ओळी किती जपून वाचाव्या लागतात, हे नागपुरातील अभ्यासकांस तेव्हापासून वेगळे सांगावे लागत नाही.

अशाच काही ओळी एका अगदी निराळ्या व अर्वाचीन संहितेच्या शिरोभागी आढळतात. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यामध्ये, दोषशोधनाचे कार्य करणारी ‘डीबग कोअर’ नावाची एक फाइल आहे. तिच्या आरंभी स्वामित्वसूचनांची एक उतरंडच रचलेली आहे. २०००-२००१ या वर्षांपुढे व्हेरिटास सॉफ्टवेअर कॉर्पोरेशन, २००२-२००४ पुढे टाइमसिस कॉर्पोरेशन, २००३-२००४ पुढे अमित एस. काळे, २००४ पुढे पावेल माखेक, २००४-२००६ पुढे टॉम रिनी आणि लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज, त्यानंतर विंड रिव्हर व मॉन्टाव्हिस्टा या कंपन्या, आणि २००८ पुढे रेड हॅट व इंगो मोल्नार, असा हा क्रम आहे. व्हेरिटासचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते; लिनसिससॉफ्ट ही तर पुण्याचीच संस्था. याउलट, कर्नेलमधील प्रत्येक फेरफाराचा कर्ता, तारीख व कारण ज्या नोंदवहीत लिहिलेले असते, तीत या संहितेचा प्रवेश एप्रिल २००८ मध्ये झालेला दिसतो, आणि कर्ता म्हणून नाव येते ते विंड रिव्हरमधील जेसन वेसल यांचे. एकाच संहितेविषयी दोन अस्सल साधने, आणि त्यांच्यामध्ये आठ वर्षांचे अंतर. ही विसंगती कोणाच्या लबाडीतून उद्भवलेली नाही. तिचा उगम लिनक्समध्ये फेरफारांचे विलीनीकरण ज्या रीतीने होते त्या रीतीतच आहे.

कर्नेल हा संगणकाची यंत्रसामग्री आणि तीवर चालणारे कार्यक्रम यांच्यामधील मध्यस्थ होय. प्रत्येक यंत्रभागाची बोली निराळी असते. ती बोली जाणणारा जो संहितेचा भाग, त्यास ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सच्या एकंदर संहितेपैकी निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनीच व्यापला आहे, यावरून त्यांच्या विलीनीकरणाचा व्याप ध्यानी यावा. या व्यापास आणखी अवघड करणारा एक दंडक लिनक्सने स्वीकारलेला आहे. कर्नेलचा अंतर्भाग आणि ड्रायव्हर यांच्यामधील करार कायम राखण्याचे बंधन तेथे कोणावरही नाही. अंतर्गत रचना गरजेप्रमाणे बदलावी, आणि जो ती बदलील त्यानेच तीवर अवलंबून असलेले सर्व ड्रायव्हर दुरुस्त करून द्यावेत, अशी ही व्यवस्था आहे. परंतु ही सोय मूळ संहितेत समाविष्ट झालेल्या ड्रायव्हरांनाच मिळते. बाहेर राहिलेल्यांचा भार त्यांच्या कर्त्यांनीच वाहावयाचा.

ऑक्टोबर २००६ मधील एक प्रसंग येथे नमूद करण्याजोगा आहे. एखाद्या यंत्रभागाने कर्नेलचे लक्ष वेधले असता ड्रायव्हरमधील जे फलन चालते, त्यास पूर्वी तीन मूल्ये दिली जात. त्यांपैकी तिसरे बहुतेक ड्रायव्हरांना कधीच लागत नसे. डेव्हिड हॉवेल्स यांनी ते काढून टाकले. बदल दिसावयास क्षुल्लक. पण त्यासाठी शेकडो फाइलींना हात लावावा लागला, आणि तो एकाच वेळी व्हावा लागला, कारण अर्धे ड्रायव्हर जुन्या रीतीचे व अर्धे नव्या रीतीचे असे कर्नेल बांधताच येत नाही. आतल्या ड्रायव्हरांच्या कर्त्यांना याची झळ बहुधा पोचलीही नसेल. बाहेरच्यांची संहिता मात्र त्या दिवसापासून नव्या कर्नेलवर चालेनाशी झाली.

विलीनीकरणाची ही यंत्रणा एका दिवसात उभी राहिली नाही. १९९१ साली लिनस टॉर्वाल्ड्स या हेलसिंकी येथील विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला, तेव्हा जगभरचे लोक आपापले फेरफार ई-टपालाने त्याच्याकडे धाडीत, आणि तो ते स्वतः वाचून मूळ प्रतीत उतरवी. १९९८ पर्यंत ही रीत मोडकळीस आली. फेरफार हरवतात, त्यांना उत्तर येत नाही, अशी ओरड सुरू झाली. जानेवारी २००२ मध्ये रॉब लँडली यांनी, किरकोळ फेरफार गोळा करण्यासाठी स्वतंत्र मनुष्य नेमावा, असा प्रस्ताव मांडला. तो जसाच्या तसा मान्य झाला नाही. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत टॉर्वाल्ड्स यांनी बिटकीपर या साधनाचा अवलंब केला. त्याचा परिणाम केवळ तांत्रिक नव्हता. प्रत्येक विभागाचा सांभाळकर्ता, ज्यास तेथे मेंटेनर म्हणतात, आपल्या विभागाची शाखा स्वतः राखू लागला, आणि टॉर्वाल्ड्स सुटे फेरफार न वाचता शाखाच्या शाखा सामावून घेऊ लागले. विश्वास संहितेवरून माणसावर सरकला, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. एप्रिल २००५ मध्ये बिटकीपरची मोफत परवानगी संपुष्टात आली, आणि टॉर्वाल्ड्स यांनी काही आठवड्यांतच गिट हे नवे साधन रचले.

गिटमधील कर्नेलची नोंदवही १६ एप्रिल २००५ रोजी सुरू होते. त्यापूर्वीचा इतिहास तीत जाणूनबुजून आणलेला नाही. तो फार मोठा असल्यामुळे हवा तर पुढे वेगळा जोडता येईल, असे पहिल्याच नोंदीत म्हटले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ही तारीख लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पेशवे दफ्तर उघडावे आणि पहिला रुमाल पानिपतानंतरचा निघावा, तसा हा प्रकार होय.

आणखी दोन संकेत याच सुमारास रूढ झाले. एससीओ या कंपनीने २००३ साली लिनक्समधील संहितेच्या मालकीवरून दावा लावल्यानंतर, मे २००४ पासून प्रत्येक फेरफाराखाली तो पाठविणाऱ्याने व पुढे नेणाऱ्या प्रत्येक मेंटेनरने आपले नाव लिहून जबाबदारी घ्यावी असे ठरले. दुसरा संकेत २००५ च्या उन्हाळ्यातील. नवी आवृत्ती निघाली की पुढील दोन आठवडे विलीनीकरणाची खिडकी उघडी राहते. नवे ड्रायव्हर व मोठे बदल त्या अवधीतच आत घ्यावयाचे, त्यानंतरचे आठवडे केवळ दुरुस्तीचे. संधी हुकली की पुढील खिडकीची, म्हणजे सुमारे दोन-तीन महिन्यांची, प्रतीक्षा आली. फेब्रुवारी २००८ पासून ऑस्ट्रेलियातील स्टीफन रॉथवेल हे पुढील खिडकीसाठी सिद्ध झालेल्या सर्व शाखा दररोज एकत्र जोडून त्यांच्यातील संघर्ष आधीच उघडकीस आणू लागले.

आता मूळ प्रकरणाकडे वळावयास हरकत नाही. केजीडीबी हे कर्नेलमधील दोष शोधण्याचे साधन होय. त्यासाठी दोन संगणक लागतात. एकावर तपासावयाचे कर्नेल चालते. दुसऱ्यावर बसलेला अभियंता पहिल्याचे कामकाज हवे तेथे थांबवून त्याची स्मृती न्याहाळतो. दोहोंना जोडणारी सिरीयल केबल हीच संभाषणाची वाट. या साधनाची मूळ संहिता डेव्हिड ग्रोथ व टिग्रन आयव्हाझियान यांची, असे उपर्युक्त शिरोलेखातच नमूद आहे. २००० सालापासून काळे यांनी ती सांभाळली. प्रथम व्हेरिटासमध्ये असताना व पुढे लिनसिससॉफ्टच्या द्वारे. परंतु ती मूळ कर्नेलच्या बाहेर होती. नवे कर्नेल निघाले की तीत केजीडीबी बसेल असे ठिगळ नव्याने तयार करावे लागे; अंतर्गत रचना बदलली की ते पुन्हा उसवे.

बाहेर राहण्याचे कारण संहितेच्या गुणदोषांत नव्हते. सप्टेंबर २००० मध्ये टॉर्वाल्ड्स यांनी कर्नेलमध्ये दोषशोधक घेण्यास तत्त्वतःच नकार दिला होता. असे साधन हाताशी असले की मनुष्य संहितेचा मुळातून विचार न करता लक्षणांवर मलमपट्टी करतो, अशी त्यांची भूमिका होती. तीत तथ्यांश नाही असे म्हणवत नाही. कर्नेलच्या अंतर्भागाबाबत ती पुष्कळशी खरीही आहे. परंतु ड्रायव्हराच्या बाबतीत ती लंगडी पडते. यंत्रभाग त्याच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे वागतोच असे नाही, आणि तो प्रत्यक्षात काय करतो हे संहितेचे कितीही चिंतन केले तरी कळत नाही. पुण्यासारख्या ठिकाणी परक्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी संहिता लिहिणाऱ्या अभियंत्यांना या साधनाची निकड भासली, यात नवल नाही.

२००४ पर्यंत केजीडीबीचे एकाहून अधिक पाठ प्रचारात आले. काळे यांचा एक. जॉर्ज अँझिंगर यांचा दुसरा, जो अँड्र्यू मॉर्टन यांनी आपल्या प्रायोगिक शाखेत ठेवला होता. आणि पॉवरपीसी प्रोसेसरसाठी टॉम रिनी यांनी केलेले काम निराळेच. त्या वर्षाच्या आरंभी काळे, रिनी व माखेक यांनी हे पाठ जुळविण्याचा प्रयत्न केला. सर्वांस समान असा लहान गाभा एकीकडे, प्रत्येक प्रोसेसरचा भाग दुसरीकडे, आणि सिरीयल व इथरनेट या वाटा तिसरीकडे, अशी त्यांनी विभागणी केली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताचे पाठ जुळविले, त्या शहरास असले काम अपरिचित नव्हते; फरक इतकाच की तेथे सर्वांत जुना पाठ शोधावयाचा होता, आणि येथे सर्वांत लहान. मोठा बदल कोणी वाचीत नाही, हे कर्नेलच्या मेंटेनरांचे पहिले गाऱ्हाणे. तरीही २००४ मध्ये समावेश झाला नाही.

याच काळे यांचे नाव दुसऱ्या एका प्रकरणात येते, आणि तेथील हकीकत अगदी निराळी आहे. नेटझेन या कंपनीने दहा गिगाबिट वेगाचे इथरनेट कार्ड तयार केले होते. त्याच्या ड्रायव्हराचे फेरफार २००६ साली काळे यांच्या नावाने परीक्षणासाठी सादर होऊ लागले. त्यांच्या अनेक फेऱ्या झाल्या. ऑक्टोबर २००६ मध्ये जालविषयक ड्रायव्हरांचे मेंटेनर जेफ गार्झिक यांनी तो आपल्या शाखेत घेतला. नोंदीखाली काळे यांचे नाव आहे, त्याखाली गार्झिक यांचे. जबाबदारीची साखळी स्पष्ट आहे. ४ फेब्रुवारी २००७ रोजी निघालेल्या २.६.२० या आवृत्तीबरोबर तो सर्वत्र पोचला. केजीडीबीस जे आठ वर्षांत साधले नाही, ते येथे एका वर्षाच्या आत साधले.

दोन्ही प्रकरणी लेखक तोच, चिकाटी तीच. तेव्हा फरकाचे कारण अन्यत्र शोधावे लागते. नेटझेनच्या ड्रायव्हरास स्वतःची सीमा होती. तो बिघडला तर ते कार्ड वापरणाऱ्यांचेच काम अडेल. इतरांस त्याची गंधवार्ताही लागणार नाही. त्याच्या सीमेवर उभा राहून ‘आत घ्या’ म्हणणारा एक निश्चित अधिकारी होता, आणि टॉर्वाल्ड्स यांना त्या अधिकाऱ्यावर विश्वास टाकणे पुरेसे होते. केजीडीबी मात्र कोणाच्याच वतनात बसत नव्हते. ते प्रत्येक प्रोसेसरच्या संहितेत शिरे, अपवादांच्या हाताळणीत हात घाली, सिरीयल आणि इथरनेट ड्रायव्हरांकडे काही मागे. अनेक मेंटेनरांची संमती एकाच खिडकीत मिळवणे, आणि तीही मुख्य अधिकारी मुळातच प्रतिकूल असताना, हे काम एका लहान संस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते. लिनक्समधील विलीनीकरण गुणवत्तेवरच ठरते असे सर्रास सांगितले जाते. गुणवत्ता ही आवश्यक अट आहे, यात शंका नाही. परंतु या दोन प्रकरणांत निर्णायक ठरली ती अधिकारक्षेत्रांची रचना.

समावेशानंतर काय घडते, तेही नेटझेनच्या उदाहरणात पाहावयास मिळते. २००७ साली जालविषयक ड्रायव्हर येणारी माहिती ज्या रीतीने उचलतात, ती रीतच स्टीफन हेमिंजर व डेव्हिड मिलर यांनी बदलली. २.६.२४ या आवृत्तीत आलेल्या त्या बदलाने अनेक इथरनेट ड्रायव्हरांना हात लावला. नेटझेनचाही त्यात आपसूक दुरुस्त झाला. पुढे त्याची देखभाल धनंजय फडके यांच्या नावावर गेली. २००९ साली क्यूलॉजिक कंपनीने नेटझेन विकत घेतली. २०११ मध्ये जेफ कर्शर यांनी सर्व इथरनेट ड्रायव्हरांची कंपनीवार मांडणी केली, तेव्हा हा ड्रायव्हर क्यूलॉजिकच्या दालनात हलविला गेला. मूळ कर्ता निघून गेला, कंपनीचे नावही गेले. संहिता मात्र चालती राहिली, कारण आता ती सर्वांची होती.

केजीडीबीचा समावेश अखेर ज्या रीतीने झाला ती रीत उद्बोधक आहे. वेसल यांनी २००५ नंतर हे काम हाती घेतले होते. २००८ च्या आरंभी मोल्नार यांनी त्याची एक हलकी आवृत्ती तयार केली. २.६.२५ साठी ती स्वीकारली गेली नाही. एप्रिलमध्ये पुढील खिडकी उघडली तेव्हा ती आत आली, आणि १३ जुलै २००८ रोजी २.६.२६ बरोबर प्रसिद्ध झाली. या हलकेपणाची किंमत होती. इथरनेटवरून दोषशोधन करण्याची सोय गाळण्यात आली, आणि ती पुढेही मूळ कर्नेलमध्ये आली नाही.

सिरीयल वाटेचे जे झाले ते अधिक मर्मग्राही आहे. बाहेरच्या केजीडीबीने सिरीयल पोर्टसाठी स्वतःचाच एक लहान ड्रायव्हर बाळगला होता, म्हणजे एकाच यंत्रभागाचे दोन ड्रायव्हर आणि दोन धनी. २००८ च्या संहितेने तो हट्ट सोडला. प्रचलित सिरीयल ड्रायव्हरांनी फक्त दोन लहान फलने पुरवावीत, एक अक्षर थेट वाचण्याचे व एक अक्षर थेट लिहिण्याचे, एवढीच मागणी करण्यात आली. जे ड्रायव्हर ती पुरवतील त्यांवरून दोषशोधन चालेल, जे पुरवणार नाहीत ते पूर्ववत राहतील. कोणाचे वतन हिसकावले जात नव्हते, कोणावर सक्तीही नव्हती. आरंभी अगदी मोजक्याच सिरीयल ड्रायव्हरांनी ती फलने दिली. पुढे इतरांनी आपल्या सवडीने भर घातली. २००४ सालच्या विभागणीत या तडजोडीचे बीज दिसते, पण बाहेर राहून ती पुरी करणे शक्य नव्हते, कारण दुसऱ्याच्या ड्रायव्हरात फलन घालण्याचा अधिकार बाहेरच्यास नसतो.

आता दोन साधनांतील विसंगतीचा अर्थ लावता येतो. गिटची नोंदवही विलीनीकरणाचा इतिहास सांगते. संहिता कोणी घडविली यापेक्षा ती आत कोणी आणली, हे तीत अधिक विश्वसनीयपणे नोंदलेले असते. २००८ ची नोंद खोटी नाही: ती संहिता त्या रूपात वेसल यांनी सादर केली, आणि मोल्नार यांनी ती बरीच बदलून सोपी केली, असे तेथेच म्हटले आहे. परंतु २००० ते २००४ या काळातील पुण्याचे काम गिटच्या आरंभापूर्वीचे, शिवाय मूळ कर्नेलच्या बाहेरचे. तेव्हा त्या नोंदवहीत त्याला जागा असण्याचे कारणच नाही. केवळ गिटच्या आकड्यांवरून कोणत्या देशाने वा कंपनीने लिनक्समध्ये किती भर घातली याची जी गणिते मांडली जातात, ती या एका कारणानेही सावधपणे घ्यावयास हवीत.

शिरोलेखातील ओळी टिकल्या त्या कायद्यामुळे. लिनक्स ज्या परवान्याखाली वितरित होते, त्यात प्रतीसोबत स्वामित्वसूचना ठेवणे बंधनकारक आहे. संहितेतील प्रत्येक वाक्य बदलले तरी शिरोलेख पुसण्यास कोणी सहसा धजत नाही. मात्र या साधनाचीही मर्यादा आहे. या ओळी कालखंड सांगतात, कामाचे मोजमाप सांगत नाहीत. २००३-२००४ यापुढे नाव आहे म्हणून आजच्या संहितेतील अमुक भाग पुण्यात लिहिला गेला, असे विधान करता येणार नाही. तसे केल्यास वेसल, मोल्नार व रिनी यांच्यावर, पुण्याच्या अभिमानापायी, नेमका तोच अन्याय होईल जो नोंदवहीने पुण्यावर केला. शिवाय त्या उतरंडीखाली, वर न उल्लेखिलेल्या साहाय्यकांची एक निराळी यादी आहे. अँझिंगर यांचे नाव तेथे आहे, आणि मूळ संहितेचे कर्तेही तेथेच, सर्वांत शेवटी.

२०१० साली केडीबी हा दुसरा दोषशोधक कर्नेलमध्ये आला. दोहोंचा गाभा एक करण्यासाठी केजीडीबीची फाइल जुन्या ठिकाणाहून काढून ‘डीबग कोअर’ या नव्या नावाने वेगळ्या दालनात ठेवण्यात आली. ते स्थलांतर वेसल यांनीच केले. शिरोलेख त्यांनी जसाच्या तसा बरोबर नेला. काळे यांच्या नावापुढील पत्ताही तेथे लिनसिससॉफ्टचाच राहिला आहे.